ग्रंथालयाचा डेटा नव्या प्रणालीत नेताना: आधी झाडलोट, मग स्थलांतर

कॉलेजच्या ग्रंथालयात नवी संगणक प्रणाली येते तेव्हा एक चूक हमखास होते. प्रणाली एका दुपारी सर्व्हरवर बसते. दुसऱ्या दिवशी जुनी एक्सेल फाइल जशीच्या तशी आत ओतली जाते. तिसऱ्या दिवसापासून कपाटात डोळ्यांसमोर असलेले पुस्तक पडद्यावर सापडत नाही, आणि सगळे मिळून प्रणालीला नावे ठेवतात.

विद्यार्थ्यांना आज घरबसल्या शोध हवा असतो, पुस्तकाची मुदत मोबाइलवरून वाढवून हवी असते, रांग न लावता पुस्तक घेऊन निघायचे असते. यातले प्रत्येक काम शेवटी एका पुस्तकाच्या एका नोंदीवर येऊन टेकते. पुस्तकावर चिकटवलेल्या, रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या आरएफआयडी चिपमध्येही मुख्यतः प्रतीचा क्रमांकच असतो. बाकी माहिती नोंदीतूनच येते. नोंद चुकीची असेल तर यंत्र तीच चूक जास्त वेगाने करते, एवढाच फरक.

खाली उदाहरण म्हणून कोहा ही खुली प्रणाली धरली आहे. मार्क २१ या, पुस्तकाची नोंद ठराविक क्रमांकांच्या क्षेत्रांत लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीवर चालणारी दुसरी कोणतीही प्रणाली असली तर बटणांची नावे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही. आणि या कामात क्रम चुकला की आठवडे वाया जातात.

## १. संगणकाच्या आधी कपाट आणि वही

तीन आकडे कागदावर लिहून काढा: दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, आजवर बाद केलेल्या प्रतींची संख्या, आणि जुन्या संगणकात असलेल्या प्रतींची संख्या. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा यायला हवा. येत नाही. कुठेच येत नाही, तेव्हा घाबरू नका. पण फरक कशामुळे पडला हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कारणे ठरलेली असतात. देणगीच्या पुस्तकांची वेगळी मालिका असते. बांधलेल्या नियतकालिकांना पुस्तकांच्याच मालिकेतले क्रमांक दिलेले असतात. वहीचे पान उलटताना कुणी वीस क्रमांक गाळलेले असतात, किंवा एकच क्रमांक दोन पुस्तकांवर पडलेला असतो. प्रत्येक प्रकाराची वेगळी यादी करा.

साठा पडताळणी रखडली असेल तर ती याच टप्प्यावर उरकून घ्या. फाटलेली, हरवलेली, पण कागदोपत्री जिवंत असलेली पुस्तके नव्या प्रणालीत गेली की ती तिथून सहसा निघत नाहीत. बाद करायच्या पुस्तकांची मंजुरी घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते पत्र पहिल्याच आठवड्यात टेबलावर जाऊ द्या.

तपासणी: वहीतून कुठलेही ५० क्रमांक घ्या आणि ती पुस्तके कपाटात शोधा. मग उलट करा: कपाटातून ५० पुस्तके उचला आणि संगणकात शोधा. पहिल्या फेरीत हरवलेली पुस्तके कळतात, दुसऱ्या फेरीत कधी नोंदवलीच न गेलेली. एकाच दिशेने तपासले तर निम्म्या चुका झाकलेल्याच राहतात.

## २. जुना डेटा पूर्ण बाहेर काढा

जुन्या प्रणालीच्या पुरवठादाराकडे ‘सगळ्या पुस्तकांची यादी द्या’ अशी मागणी केली की छापील अहवालाची फाइल हाती येते. ती घेऊ नका. मूळ डेटाबेसमधली सगळी कोष्टके मागा: शीर्षके, प्रती, सभासद, सध्या बाहेर असलेली पुस्तके, थकीत दंड. प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हेही लेखी घ्या. ‘स्थिती ३’ म्हणजे हरवलेले की बांधणीला गेलेले, हे सहा महिन्यांनी सांगायला कुणी सापडत नाही.

हा धडा मी एका ग्रंथालयात महागात शिकलो. आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक शीर्षक पन्नासाव्या अक्षरावर कापलेले होते, कारण ती छपाईच्या अहवालातून काढली होती. सुरुवातीच्या नोंदी छोट्या नावांच्या निघाल्या आणि मला ते दिसले नाही. तीन आठवडे सफाई झाल्यावर एक लांबलचक शीर्षक समोर आले आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. म्हणून फाइल मिळाली की आधी सर्वांत लांब शीर्षके वर येतील अशी ती लावून बघा. पुष्कळ शीर्षके एकाच लांबीवर थांबली असतील तर फाइल परत पाठवा.

दुसरा सापळा देवनागरीचा. जुन्या नोंदी युनिकोड (सगळ्या लिपींसाठीचा आजचा समान अक्षरसंकेत) येण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर ती मुळात मराठी अक्षरे नसतात. खाली इंग्रजी चिन्हे असतात, वर फाँटचा मुखवटा. फाँट काढला की फक्त कचरा दिसतो. कोणता फाँट होता ते शोधून त्याच फाँटसाठीचे रूपांतरक वापरा आणि हे काम बाकी सगळ्या सफाईच्या आधी करा. रूपांतरक रफार, अर्धा र, ‘क्ष’, ‘द्ध’ अशा जागी घसरतो, तेव्हा त्या अक्षरांचे शब्द वेगळे काढून डोळ्यांनी वाचा.

इशारा: हाती आलेली मूळ फाइल केवळ वाचण्यापुरती खुली ठेवा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. काम तिच्या प्रतीवर करा. रोजच्या प्रतीच्या नावात तारीख घाला.

## ३. सफाई: सगळ्यात जास्त वेळ इथे जाऊ द्या

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर दोनदा क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडायची सवय पहिली मोडा. एक्सेल तुम्हाला न विचारता मदत करतो. तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९.७८ई+१२ असा दिसू लागतो आणि तसाच जतन झाला की शेवटचे अंक कायमचे जातात. ००५.१३३ हा प्रोग्रॅमिंगचा वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक) ५.१३३ होतो आणि पुस्तक भलत्याच जागी फिरायला निघते. शून्याने सुरू होणारे सभासद क्रमांक आखूड होतात, आणि ५/२ सारखा भाग क्रमांक फेब्रुवारीतली तारीख बनतो. फाइल ‘आयात’ करा आणि त्या वेळी सगळे रकाने मजकूर म्हणून घोषित करा. त्याहून बरे म्हणजे सफाईसाठी ओपनरिफाइन हे डेटा साफ करण्याचे साधन वापरा. ते फुकट आहे आणि केलेली प्रत्येक कृती मागे घेता येते.

### शीर्षक एक, प्रती अनेक

जुन्या फाइलमध्ये बहुधा एका प्रतीची एक ओळ असते. ती तशीच आत गेली तर एकाच पाठ्यपुस्तकाच्या चाळीस नोंदी तयार होतात. विद्यार्थी शोध घेतो, चाळीस सारख्या ओळी दिसतात, पहिली उघडतो, ‘बाहेर गेले आहे’ वाचतो आणि निघून जातो. पुढच्या एकोणचाळीस प्रती कपाटात तशाच. मार्कमध्ये नोंद शीर्षकाची असते आणि प्रती तिच्याखाली जोडलेल्या असतात. ही घडी आयातीआधीच घालायची.

घडी घालताना केवळ आयएसबीएनवर विसंबू नका. जुन्या पुस्तकांना तो नसतोच. काही वेळा अनेक खंडांच्या संचाला मिळून एकच क्रमांक असतो, आणि टंकताना झालेल्या चुका वेगळ्याच. आयएसबीएन, शीर्षक, आवृत्ती आणि त्या आवृत्तीचे वर्ष असे एकत्र जुळवा. नवी आवृत्ती म्हणजे नवी नोंद. नुसते पुनर्मुद्रण असेल तर त्याच नोंदीखाली आणखी एक प्रत. २००७ आधीचे दहा अंकी क्रमांक दिसले म्हणून पुढे ९७८ चिकटवू नका. तेरा अंकी रूपात शेवटचा तपासणी अंक बदलतो, तो गणित करूनच काढावा लागतो. जमत नसेल तर दहा अंकीच राहू द्या, मार्कला तो चालतो.

### लेखकांची नावे

एकच लेखक पाच प्रकारे लिहिलेला सापडेल: आडनाव आधी, आडनाव शेवटी, आद्याक्षरांत टिंबे, टिंबांशिवाय, आणि ‘डॉ.’ लावून. मुख्य लेखकाचे नाव आडनाव, स्वल्पविराम, मग नाव असे एकाच पद्धतीने लिहा. पदव्या आणि ‘श्री.’ काढून टाका. ओपनरिफाइन सारख्या दिसणाऱ्या नावांचे गट करून दाखवते. ‘सगळे एकत्र करा’ हे बटण मात्र दाबू नका. एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोन वेगळे लेखक असतात, एक अर्थशास्त्रातला आणि एक वनस्पतिशास्त्रातला, आणि दोघांची पुस्तके एका नावाखाली गेली की ती वेगळी करताना घाम फुटतो.

### न दिसणारे देवनागरी दोष

हा भाग पुष्कळांना माहीतच नसतो, म्हणून थोडा तपशिलात. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो: एका अखंड अक्षराने, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे येतो, आणि एका प्रकारात अदृश्य जोडचिन्ह दडलेले असते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकल्यामुळे ‘दुःख’ शोधले की ‘दु:ख’ सापडत नाही. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा तर सर्रास.

एक रूप ठरवा आणि सगळीकडे शोधा-बदला चालवा. ठरवलेले रूप एका पानावर लिहून टंकणाऱ्यांच्या टेबलाशी लावा, नाहीतर नव्या नोंदींतून तेच दोष पुन्हा आत येतील. प्रणाली बसवणाऱ्याला आताच एक प्रश्न विचारून ठेवा: शोधासाठी झेब्रा (कोहासोबत वापरले जाणारे शोधयंत्र) वापरणार असाल तर त्याची मांडणी आयसीयू, म्हणजे युनिकोड अक्षरे हाताळणाऱ्या पद्धतीने केली आहे का? देवनागरीसाठी ती लागते.

विषयशीर्षके मात्र या फेरीत सुधारू नका. तो अथांग विषय आहे. त्यात हात घातलेली स्थलांतरे वर्षभर लोंबकळतात. आहेत तशी आत न्या, नंतर एकेक विभाग घेऊन बसा.

## ४. कोणता रकाना कुठे जाणार

आता एक साधे कोष्टक करा: डावीकडे जुना रकाना, उजवीकडे मार्कचे क्षेत्र. नेहमी लागणारी क्षेत्रे फार नाहीत. आयएसबीएन ०२० मध्ये, ड्यूई पद्धतीचा वर्गांक ०८२ मध्ये, मुख्य लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, आवृत्ती २५० मध्ये, प्रकाशनाचा तपशील २६० किंवा २६४ मध्ये, पृष्ठे ३०० मध्ये, विषय ६५० मध्ये, सहलेखक ७०० मध्ये, ऑनलाइन दुवा ८५६ मध्ये. कोहात प्रतीची माहिती ९५२ मध्ये बसते: बारकोड ‘पी’ उपक्षेत्रात, बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) ‘ओ’मध्ये, मालकी शाखा ‘ए’मध्ये, सध्याची शाखा ‘बी’मध्ये, साहित्यप्रकार ‘वाय’मध्ये.

चुका कुठे होतात? सहलेखक १०० मध्येच कोंबले जातात. १०० एकदाच येते, बाकीचे ७०० मध्ये. उपशीर्षक वेगळे न काढता शीर्षकाला चिकटवले जाते. २४५ चा दुसरा निर्देशक (क्षेत्राच्या सुरुवातीचा खुणेचा अंक) विसरला जातो: इंग्रजी शीर्षक ‘द’ने सुरू होत असेल तर तिथे ४ हवा, म्हणजे अनुक्रम लावताना तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा ओलांडली जाते. मराठी शीर्षकाला शून्य.

मार्कएडिटसारख्या साधनाने या कोष्टकाप्रमाणे फाइल मार्कमध्ये बदलता येते. बदलताना यूटीएफ-८ हा युनिकोड संकेत निवडा आणि तयार नोंदीच्या लीडरमध्ये (नोंदीच्या सुरुवातीची सांकेतिक ओळ) शून्यापासून मोजून नवव्या स्थानी ‘ए’ आहे ना ते पाहा. तिथे रिकामी जागा असेल तर प्रणाली ती नोंद जुन्या मार्क-८ संकेतात आहे असे समजते, आणि त्या संकेतात देवनागरी नाहीच.

इशारा: मार्कच्या नेहमीच्या आयएसओ २७०९ फाइलमध्ये एक नोंद ९९,९९९ बाइटांपेक्षा मोठी होऊ शकत नाही. एका पाठ्यपुस्तकाच्या हजारभर प्रती एकाच नोंदीखाली असल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खाते. अशा नोंदी मार्कएक्सएमएल रूपात न्या.

## ५. कोड आणि नियम आयातीच्या आधी

शाखांचे कोड, साहित्यप्रकारांचे कोड आणि सभासदांचे प्रकार प्रणालीत आधी तयार हवेत. ९५२ मध्ये लिहिलेला शाखेचा कोड प्रणालीला ओळखीचा नसेल तर प्रत आत जात नाही. कोड छोटे आणि जागा न सोडता लिहा, आणि विचार करून लिहा: शाखेचे नाव पुढे बदलता येते, कोड बदलता येत नाही.

साहित्यप्रकार कमी ठेवा. प्रकार वेगळा करण्याचे खरे कारण एकच, त्याचा देवघेवीचा नियम वेगळा असणे. विज्ञानाची पुस्तके आणि कलाशाखेची पुस्तके दोन्ही पंधरा दिवसांनीच परत येणार असतील तर ते दोन प्रकार नव्हेत. मी अठ्ठावीस साहित्यप्रकार असलेले ग्रंथालय पाहिले आहे. नियमांचे कोष्टक म्हणजे सभासदप्रकार गुणिले साहित्यप्रकार, तेव्हा तिथल्या कोष्टकाची गोधडी झाली होती आणि कुठला नियम कुणाला लागू आहे हे कुणालाच सांगता येत नव्हते.

सुट्ट्यांचे कॅलेंडरही आताच भरा. राहून गेले तर बंद दिवसांचा दंड पडतो आणि पहिल्याच महिन्यात वाद होतात.

## ६. दोनशे नोंदींची तालीम

संपूर्ण फाइल कधीही पहिल्या झटक्यात आत घालू नका. चाचणीची वेगळी प्रणाली उभी करा आणि दोनशे नोंदी निवडा. पहिल्या दोनशे नकोत, अवघड दोनशे हव्यात: अनेक खंडांचे संच, तीन लेखकांची पुस्तके, आयएसबीएन नसलेली, मराठी, हिंदी, इंग्रजी, सोबत सीडी असलेली, प्रबंध, नकाशे.

कोहात नोंदी आधी तात्पुरत्या जागी येतात, तिथे तपासून मग तालिकेत घेतल्या जातात. मधल्या थांब्यावर घाई करू नका. आयात झाल्यावर अहवालातली प्रतींच्या चुकांची यादी वाचा. बारकोड आधीच वापरलेला असेल तर शीर्षकाची नोंद आत जाते, पण प्रत बाहेरच राहते. मागे उरते बिनप्रतीचे पुस्तक, आणि ते शोधात दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही.

तपासणी: तालमीनंतर तीन प्रश्नांची उत्तरे मिळवा. आत गेलेल्या प्रती मूळ फाइलइतक्याच आहेत का? एकही प्रत नसलेल्या नोंदी किती? देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला मदतीशिवाय वीसपैकी किती पुस्तके सापडली? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच गाळला जातो.

चूक सापडली की ती प्रणालीत दुरुस्त करायची नाही. मूळ सफाईच्या फाइलमध्ये दुरुस्त करा, चाचणी प्रणाली रिकामी करा, पुन्हा आयात करा. तीन-चार फेऱ्या लागतात.

## ७. बारकोड चिकटवणे

बारकोड म्हणून दाखल क्रमांकच वापरावा का? मालिका एकच असेल तर खुशाल वापरा. देणगी, पुस्तकपेढी, विभागीय ग्रंथालय अशा वेगळ्या मालिका असतील तर प्रत्येकीत १ क्रमांकाचे पुस्तक असणारच, आणि बारकोड संपूर्ण प्रणालीत एकमेव असावा लागतो. मालिकेनुसार पुढे अक्षरे लावा. ही अक्षरे सफाईच्या टप्प्यातच फाइलमध्ये लागलेली हवीत.

छपाई कोड १२८ प्रकारात घेतली तर पट्टी आखूड येते. कोड ३९ लांब होते आणि छोट्या पुस्तकावर मावत नाही. आधी एकच पान छापा आणि तुमच्याच स्कॅनरने वाचून पाहा.

चिकटवताना दोघांनी बसायचे. एकाने पुस्तकातला दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पट्टी लावून स्कॅन करायची आणि पडद्यावर आलेले शीर्षक मोठ्याने वाचायचे. एकट्याने, रोल हातात घेऊन, कपाटापाशी उभे राहून भराभर पट्ट्या लावल्या की एक पुस्तक चुकते आणि तिथून पुढचे सगळे एकाने सरकतात. ही सरक दिवसभराने लक्षात आली तर दिवसभराच्या पट्ट्या काढाव्या लागतात.

## ८. सभासद

सभासदांची यादी प्रवेश विभागाकडून ताजी घ्या, जुन्या प्रणालीतून नको. तिच्यात दहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेलेही असतात. थकबाकीदारांची नावे तेवढी जुन्या यादीतून जोडा. प्रत्येकाला कार्ड क्रमांक, आडनाव, शाखेचा कोड, सभासदप्रकार आणि मुदत संपण्याची तारीख हवी. सर्वांना एकच पासवर्ड किंवा जन्मतारीख हाच पासवर्ड देऊ नका. पहिल्या वेळी स्वतः पासवर्ड ठरवण्याची सोय चालू करा. गरज नसलेली माहिती, म्हणजे जात, उत्पन्न, घरच्यांचे फोन, आयातीच्या फाइलमधून काढून टाका. ग्रंथालयाला तिचे काम नाही.

## ९. बदलाचा दिवस

दोन सत्रांमधली सुट्टी निवडा आणि त्याआधी शक्य तितकी पुस्तके परत मागवा. बाहेर असलेली पुस्तके जितकी कमी, तितके हे काम सोपे. ठरलेल्या संध्याकाळी जुन्या प्रणालीत देवघेव थांबवा, त्या क्षणाचा डेटा काढून घ्या, आणि त्यानंतर जुन्या प्रणालीत एकही नोंद होऊ देऊ नका. ‘तोपर्यंत दोन्हीकडे चालू ठेवू’ हा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. दोन दिवसांत दोन्हीकडचे आकडे वेगळे होतात आणि खरा कोणता, हे ठरवता येत नाही.

परत न आलेली पुस्तके सभासदांच्या नावावर घाला. मुदतीची तारीख जुनीच ठेवा. आणि त्याआधी पुढची दोन कामे करा.

इशारा: ईमेल आणि एसएमएस पाठवणारी स्वयंचलित कामे बंद करा. दंडाची आपोआप आकारणीही बंद ठेवा. जुन्या तारखा आत गेल्या की प्रणालीला रातोरात शेकडो पुस्तके थकीत दिसतात आणि पहाटे प्रत्येकाला नोटीस जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवडक सभासदांची खाती हाताने तपासा, मग एकेक काम चालू करा.

त्याच आठवड्यात बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

## १०. पहिले सहा आठवडे

देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. ‘सापडले नाही’, ‘चुकीचे शीर्षक आले’, ‘दोनदा दिसते’ असे जे होईल ते बारकोडसह तिथेच लिहायचे; दुरुस्ती संध्याकाळी, एकाच व्यक्तीने. दिवसा गर्दीत प्रत्येकाने आपापल्या समजुतीने नोंद बदलायला सुरुवात केली की महिनाभराची सफाई वाहून जाते. नोंदी बदलण्याचे अधिकार म्हणूनच दोघांपेक्षा जास्त जणांना देऊ नका.

वाचकांनी काय शोधले आणि काहीच मिळाले नाही, हेही या काळात विचारत राहा. बहुतेक वेळा पुस्तक असते, शब्द वेगळा असतो: नोंदीत ‘लोकसंख्याशास्त्र’, विद्यार्थी टंकतो ‘डेमोग्राफी’, तेही देवनागरीत. अशा शब्दांची यादी विषयशीर्षकांच्या पुढच्या फेरीसाठी जपून ठेवा.

जुनी प्रणाली वर्षभर बंद करू नका, फक्त वाचण्यापुरती ठेवा. सत्र संपताना एक-एक कपाट घेऊन सगळे बारकोड स्कॅन करा आणि कोहाच्या साठा तपासणीच्या साधनात ती फाइल घाला. चुकीच्या कपाटात गेलेली आणि नोंदीत असूनही न सापडलेली पुस्तके त्यातून कळतात. पहिल्या टप्प्यात लिहिलेले तीन आकडे काढून त्यांच्या शेजारी स्कॅन झालेल्या प्रतींचा हा चौथा आकडा लिहा.